चार मिनिटांचं जेट

पीयूष इतका पेटला होता की मोबाईल शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आपटायचाच बाकी होता.

फौजेतला नायक पीयूष. चोरखमाऱ्याजवळच्या गावात सुट्टीवर आलेला. पलटणीत रेडिओ त्याच्याकडे. खाली जवान अडकले की विमान तोच बोलावतो. असल्या कामासाठी आता नवीन विमानं घ्यायची होती. महागडं जेट, की हळू उडणारं स्वस्त पंख्याचं? जवानांचंही मत फॉर्मवर मागवलं होतं. आणि सुभेदार साहेबांनी त्याचं मत आयतंच लिहून मोबाईलवर पाठवलं : 'जेटची मदत समाधानकारक होती.' फक्त सही करायची.

समाधानकारक!

मागच्या चकमकीत ते दरीत अडकले, तेव्हा जेट चार मिनिटं डोक्यावर होतं. सुसाट गेलं, वळून आलं. आपले कोण, समोरचे कोण, त्याला दिसेचना. तेल संपत आलं, परत गेलं. बाजूला त्याच्याच तुकडीतला, सालेकशाचा देवानंद गोळी लागलेलं पोट दाबून पडलेला. "आलं का गा?" पाऊण तास तेच विचारत होता. मग विचारायचाही थांबला.

फोन वाजला. साहेबच.

"काय अडलंय रे? हवालदाराच्या बढतीच्या यादीत नाव आहे तुझं."

"साहेब, हे खोटं आहे."

"विमान तू घेणार आहेस का? सही कर!"

फोन कट.

धानाच्या बांधीत पाणी सोडणारा बाप, भैयालाल, ऐकत होता. "काऊन भडकून राहिला बे?"

पीयूषनं सगळं सांगितलं. भैयालाल पचकन थुंकला. "म्हंजे फटफटीनं धुऱ्यावरून भर्रकन जाचं, अन् म्हणाचं डुकरायपासून धान राखलं! मचाणीवर बसा लागते ना बाप्पा."

"तेच तं! हळूवालं तीन तास घिरट्या घालते. खालचा माणूस दिसते त्याले. एका जेटच्या पैशात चार येतेत."

"अन् खालून कोणी गोळी घातली तं?"

"पडंल ना! जेटपेक्षा लवकर पडंल. मी कुठं नाई म्हणतो? पण इचारा ना आमाले! लिवलेल्यावर सही कायले मागता?"

"मंग लिव्ह तसं."

"हवालदारी जाईल, बाबा."

"तुही माय तं गावभर सांगून चुकली, पोरगा हवालदार होते म्हून."

"मंग?"

"मंग का? तोंड तिचं हाये. सांगंल परत, नाई झाला म्हून."

पीयूषनं साहेबांची ओळ खोडली. चिखलाच्या बोटांनी टाईप करत सुटला. चार मिनिटं. पाऊण तास. देवानंदचं पूर्ण नाव. हळूवालं घ्या, ते पडू शकतं हेही लिहिलं. सही केली. साहेबाला नाही, थेट फॉर्मवरच्या पत्त्यावर पाठवलं.

तरीही राग उतरला नाही. फावडं उचललं आणि बापाच्या बाजूला बांधीत उतरला.