मी सुटले नाही त्या दिवशी

मी एक क्लिप बोलतेय. केसांत लावायची नव्हे हो, आणि दोरीवर कपडे अडकवायचीही नव्हे. माणसाच्या पोटात आतल्या आत रक्त वाहायला लागलं, की तिथे जाऊन जखम चिमटीत घट्ट धरायची, हे माझं काम. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी असेन. जन्माला आले ती मोठ्या कौतुकात, आणि आज वसईतल्या एका गाळ्यात टेबलाच्या खणात तोंड लपवून पडलेय.

माझा जन्म २००३ सालचा, वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला. मला घडवणारा जयवंत मूळ कोकणातला, राहायला तुळिंजला. त्याच्या थोरल्या भावाला, शंकरला, एकदा रक्ताची उलटी झाली. तेव्हा इथे पोटात दुर्बीण घालून रक्त थांबवायची सोय नव्हती. मुंबईला नेता नेता खाडीच्या पुलावरच तो गेला. तेव्हापासून जयवंतने ध्यास घेतला, की परदेशातून येते तशी क्लिप इथेच बनवायची, म्हणजे वसईच्या माणसाला पूल ओलांडायला नको.

जखम धरणं सोपं असतं. खरी गोम आहे ती सुटण्यात. एका लांब तारेच्या टोकाला मी बसते, पोटात उतरते, चावा घेते. मग तारेने मला तिथेच सोडून माघारी यायचं. जखम भरली की मी आपोआप गळून पडायचं. (पुढे कुठल्या वाटेने बाहेर जायचं, ते विचारू नका. तेवढी लाज मलाही आहे.) माझ्या आधीच्या कितीतरी बहिणी भंगारात गेल्या. कुणी चावायच्या आधीच सुटायची, कुणी चावली की सुटायचं नावच घ्यायची नाही.

शेवटी ॲन्सेल्मने नळी जमवली. ॲन्सेल्म म्हणजे गाळ्यातला लेथवरचा कारागीर, भुईगावचा. माझ्या बुडाशी असलेल्या ज्या नळीतून तारेचा आकडा सरकतो, ती त्याने आतून अशी गुळगुळीत केली, की तार ओढली आणि मी टक्‌ करून मोकळी झाले.

"सर, सुटली! आईशप्पथ सुटली!" तो ओरडला. त्या दिवशी दोघांनी मला इतक्यांदा सोडवलं, की माझा जबडा दुखायला लागला.

मग खंडेनवमी आली. गाळ्यात मशिनं धुऊन पुसून त्यांना हार घालायची रीत. ॲन्सेल्म ख्रिस्ती, पण दरवर्षी झेंडू तोच आणायचा. जयवंतचं मात्र नेहमीचं पालुपद चालू, "मशीनला तेल लागतं रे बाबांनो, कुंकू नाही. आपलं काम विज्ञानाचं."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर या विज्ञानवाल्याने काय करावं? मला तळहातावर घेतलं, तेलात कुंकू कालवलं आणि नखशिखांत माखलं. "दादा, आता तूच सांभाळ," म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. मग घाईघाईने रुमालाने पुसलं. बाहेरून पुसलं. नळीच्या आतलं त्याच्या ध्यानातच आलं नाही. खरं सांगू? मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर संपदा आल्या, सोबत दोन तरुण डॉक्टर. ही चाचणी पास झाली तर मला पुढच्या तपासण्यांसाठी त्या आपल्या इस्पितळात नेणार होत्या. टेबलावर बकऱ्याची वजडी, म्हणजे पोटाची पिशवी, मांडली होती, आत रबरी नळी शिवून तिच्यातून लाल पाणी सोडलेलं. मी उतरले, चावा घेतला. पाणी थांबलं.

"वा! आता सोडा," बाई म्हणाल्या.

जयवंतने तार ओढली. मी सुटेना. कुंकवाच्या चिकट्यात आकडा रुतून बसला होता.

"अहो थांबा, थांबा!" बाई म्हणेपर्यंत त्याने हिसका दिला. वजडीचा लचका घेऊनच मी बाहेर आले. लाल पाणी बाईंच्या साडीवर उडालं.

"माणूस असता तर गेला असता," त्या हळूच म्हणाल्या.

जयवंतने मला उलटं करून पाहिलं. माझ्या नळीतला लाल लगदा त्याच्या नखाला लागला. त्या सगळ्या लाल पाण्यात दुसऱ्या कुणाला काय कळणार? त्याला मात्र कळलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"कशानं अडकली?" बाईंनी विचारलं.

अरे, सांग ना बाबा! कुंकू होतं, धुऊन परत दाखवतो, एवढंच तर म्हणायचं होतं. पण तीन-तीन डॉक्टरांपुढे कुंकवाचं नाव कसं काढायचं? त्याने नख पँटला पुसलं.

"नळी आतून नीट घासली नसेल. आमच्या कारागिराकडून राहिलं."

ॲन्सेल्म मागेच उभा होता. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "असेल, सर," म्हणाला.

सगळे गेल्यावर जयवंतने मला पेट्रोलमध्ये धुतलं आणि तार ओढली. टक्‌. पुन्हा ओढली. टक्‌. मग मला खिशात टाकून घरी गेला आणि बायकोला, सरोजिनीला, सगळं सांगितलं.

"अहो, मग ॲन्सेल्मला सांगून टाका की."

"हसतील गं मला."

"हसतील नि विसरतील. तो विसरेल का?"

जयवंत ताटावरून उठला.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ॲन्सेल्म तसाच गाळ्यावर आला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. खिशातून रुमालात गुंडाळलेली नवी नळी काढली. "सर, घरी बसून घासली. आता माझ्याकडून चूक नाय व्हायची."

जयवंतने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतो.

"शाब्बास," म्हणाला.

नव्या नळीवर नवी क्लिप बसली, परत डॉक्टरबाई आल्या, आणि या वेळी चाचणी झकास झाली. बाईंनी तोंडभर कौतुक केलं. ॲन्सेल्म संकोचून म्हणाला, "मागल्या टायमाला माझ्याच हातून राहिलं होतं, मॅडम." तर जयवंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "होतं रे असं कधीकधी."

त्याने माफ केलं! त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. क्लिपसारखी क्लिप मी, पण मान वर करायची सोय उरली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या धाकट्या बहिणी इस्पितळात जातात, माणसं वाचवतात. इथल्या माणसाला आता पूल ओलांडावा लागत नाही, आणि त्यासाठी जयवंतला दुवा मिळतो. तो कधी खण उघडतो, मी दिसले की पटकन लोटून देतो. ॲन्सेल्मला चष्मा लागलाय. अजून प्रत्येक नळी भिंगाखाली पुन्हा पुन्हा बघतो, आणि नवीन आलेल्यांना सांगतो, "संभाळून रे, मी एकदा चुकलोय."

मला नुसता जबडा दिलाय, जीभ नाही. म्हणून तुमच्यापुढे पदर पसरते. भुईगावला गेलात तर लेथवाल्या ॲन्सेल्मचं घर विचारा, कुणीही दाखवेल. त्याला एवढंच सांगा, की बाबा, तुझी पहिली नळीसुद्धा चोख होती.