खांदशेकणीची हळद

वारलूच्या डाव्या गुडघ्याच्या मागे, कातडी दुमडते तिथे, एक काळी खपली होती. ज्वारीच्या दाण्याहून लहान, कडेने लालसर, दाबली तरी न दुखणारी. ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसताना इंदुताईला ती दिसली आणि तिचा हात तिथेच थबकला. या माणसाच्या अंगावरचा तीळ न् तीळ तिला ठाऊक होता. हा तीळ नव्हता.

तिने पाय अलगद खाली ठेवला आणि कुणाला दिसू नये अशी चादर ओढून घेतली.

ताप हटत नव्हता म्हणून वारलूला चामोर्शीहून चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं होतं. बोट टोचून मलेरिया पाहिला, निघाला नाही. डेंग्यूही नाही. शिरेतून औषध चालू होतं, पण ताप त्याला जुमानत नव्हता. खाटेला टांगलेल्या पिशवीत सकाळपासून लघवी जेमतेम तळाशी साचली होती, तीही चहासारखी. इंदुताई कुठेही बघत असली तरी नजर फिरून त्या पिशवीवरच येई.

वारलूच्या पोटातली किडनी तिची होती.

ती बसवली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. रोज घ्यायच्या गोळ्या अंगातल्या राखणदारांना गुंगीत ठेवतात, म्हणून दुसऱ्याची किडनी टिकते. पण माचाणावरचा राखणदार झोपला की धानात रानडुकरं शिरतात, तसंच हे. साधा ताप साधा राहणार नाही. गोठा नको, गुरं नको. वारलूने मान डोलावली होती. पुढे दर तपासणीला बाई विचारत, आणि तो सांगे, बैल कधीचेच देऊन टाकले.

बैल घरीच होते. कवड्या आणि मोऱ्या. त्यांचं सगळं धाकटा दीर पत्रू बघे. वारलू अंगणातल्या खाटेवर बसून लांबूनच त्यांच्याशी बोले. हे जायला हवेत, असं इंदुताईच्या ओठांवर कितीदा तरी आलं होतं. पण ती ते बोलली असती तर दिलेल्या किडनीची आठवण करून दिल्यासारखं झालं असतं. दान दिल्यावर तोंडाने काढू नये, असंच तिला शिकवलेलं. पत्रू मात्र थट्टेत सगळं बोलून मोकळा होई. दादा आता वहिनीच्या जिवावर मुततात, म्हणे, म्हणून तिच्यापुढे आवाज निघत नाही. वारलू सगळ्यांत मोठ्याने हसे.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळची खांदशेकणी तरी माझ्या हातची होऊ दे, असं वारलूने तिला लेकरासारखं विनवलं. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्याला धन्यानेच हळद-तूप चोळायचं असतं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं त्यांच्या कानात धन्यानेच म्हणायचं असतं. हळद-तुपाची वाटी इंदुताईनेच त्याच्या हातात दिली. पळसाच्या पानाने खांदे शेकता शेकता त्याची बोटं मोऱ्याच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीमागे गेली. तिथे गोचीड फुगून बसले होते. त्याने एकेक उपटून दोन नखांत चिरडला, जन्मभर चिरडत आला तसा. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं होतं. वाकलेल्या त्याच्या पाठीकडे बघत इंदुताई उभी होती. किती दिवसांनी तो असा हसतोय, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

दुपारी डॉक्टर संघपाल आले. तरुण होते, खाटेच्या कडेला टेकून बोलायचे. घरी गुरंढोरं आहेत का, कुठे काही चावलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"नाई जी," वारलू डोळे न उघडता म्हणाला. "कवाचेच देल्ले."

डॉक्टरांनी इंदुताईकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

तेवढ्यात वारलूने पाणी मागायला हात पुढे केला. खिडकीतलं ऊन त्याच्या तळव्यावर पडलं. तळवाभर मसुरीच्या डाळीएवढे लाल ठिपके उठले होते. तिने चादर वर केली. तेच ठिपके तळपायांवर होते.  पाणी द्यायचं राहून गेलं, ती डॉक्टरांकडे वळली.

"डॉक्टरसाहेब," तिने हाक मारली. "बैल घरीच हायत. पोळ्याले यायनं गोचीड काढले, नखानं. पायाच्या मांगं खपली हाय, पाहा."

डॉक्टर परत आले. त्यांनी खपली पाहिली, तळवे पाहिले, ठिपक्यांवर बोट दाबून पाहिलं. मग रिपोर्टची वाट न पाहता वेगळं औषध लगेच सुरू करा, असं त्यांनी नर्सला सांगितलं. हा ताप गोचिडातूनच आलेला दिसतो, ते इंदुताईला म्हणाले, याचं औषध साधं आहे, फक्त वेळेवर लागतं. झोपलेल्या राखणदारांमुळे तो अंगभर पसरलाय. उशीर झालाय का, ते पिशवीच सांगेल. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

नवी बाटली लागली. इंदुताई पिशवीकडे बघत राहिली. एक थेंब आला. मग बराच वेळ काहीच नाही.

वारलूने डोळे उघडले. ओठ तडकले होते.

"काऊन सांगतलं? लोक म्हनतीन, खोटं बोलत होता वारलू."

तिने ओलं फडकं त्याच्या ओठांना लावलं.

"एकच दिवस हात लावलो ना, इंदू. यापुढं नाई लावत. लांबूनच पाहीन. पत्रू करते ना सप्पा, चारापानी, शेन, सारं."

दारात पत्रू उभा होता, डबा घेऊन. थट्टा करायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच मिटलं. इंदुताई उठली. तिने वारलूचा ठिपक्यांनी भरलेला तळवा आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तव्यासारखा तापला होता. बोलली मात्र ती पत्रूकडे बघून, सावकाश, वारलूला एकेक शब्द ऐकू जाईल अशी.

"किडनी माही हाय, पत्रूभाऊ. बैल आलापल्लीले जातीन, तुमच्या सासऱ्याकडं. आजच."