गुरुवारचे स्टार्टर

आमची गाडी माझ्या हाताने सुरू होत नसे आणि आमच्या ह्यांच्या हाताने होत असे. सावेडीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं, कारण ह्यांनीच ते घरोघरी सांगितलं होतं.

खरं तर गाडी माझी. शाळेतून निवृत्त झाल्यावर, साठाव्या वर्षी, मी गाडी शिकले. डावा गुडघा दुखतो म्हणून बिनक्लचची, ऑटोमॅटिक घेतली. आमचे हे, म्हणजे नृसिंहराव, तेव्हा ‘आता या वयात’ एवढंच म्हणाले होते आणि त्यांनी पेपर तोंडापुढे धरला होता. त्या गाडीने मी दर गुरुवारी वांबोरीला सविताच्या मळ्यात जाते. आम्ही चार निवृत्त शिक्षिका तिथे जमतो, पत्ते खेळतो, जेवतो, आणि ज्या मुख्याध्यापकांबद्दल शाळेत असताना ब्र काढता आला नाही त्यांच्याबद्दल मनसोक्त बोलतो. आठवड्यातला तेवढा एक दिवस मला कोणी ‘अगं, माझा चष्मा कुठाय’ असं विचारत नाही.

दिवाळीनंतर गाडी रुसायला लागली. किल्ली फिरवली की समोरचे दिवे लागत, हॉर्न वाजे, पण इंजिन ढिम्म. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॅटरी बदलून दिली. चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा हे बाहेर आले, ‘बघू, उतर’ म्हणाले, आत बसले, दार लावून घेतलं, काच वर केली, काहीतरी पुटपुटले आणि गाडी सुरू झाली.

गाडीला शांत स्वभावाचा माणूस लागतो, असं त्यांनी त्याच संध्याकाळी शेजारी जाऊन सांगितलं. ह्यांच्या घराण्यात पाच पिढ्या भिक्षुकी चालली. हे स्वतः कचेरीत कारकून होते, पण पुटपुटण्याचा वारसा त्यांनी सोडलेला नाही. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तरी लाज सोडून सांगते, एका सकाळी गाडीत एकटीच बसून, काचा वर करून, मी एक अख्खं स्तोत्र म्हटलं आणि किल्ली फिरवली. काही झालं नाही. मला शंका आली ती देवाबद्दल नाही, माझ्या उच्चारांबद्दल. लग्न झाल्यापासून हे माझे उच्चार सुधारत आले आहेत.

परिणाम असा झाला, की गुरुवारी ह्यांना बरोबर न्यावं लागायला लागलं. निघताना गाडी सुरू करायला हे हवेत आणि परत येतानाही हेच हवेत. हे माझ्या सीटवर बसून गाडी सुरू करायचे, खाली उतरायचे, वळसा घालून शेजारी येऊन बसायचे, आणि मग मी चालवायची. सविताने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ‘स्टार्टर’ ठेवलं. पुढच्या गुरुवारी तव्यावरचं पहिलं थालीपीठ स्टार्टरना गेलं. हे ओसरीवर पेपर घेऊन बसायचे आणि पेपराच्या वरून माझे पत्ते बघून खाकरायचे. मुख्याध्यापकांचा विषय तर बंदच पडला, कारण ते ह्यांचे मावसभाऊ.

वैतागून मी पुण्याला मुलाला, अनिमेषला, फोन केला. ती माझी चूक झाली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी येऊन गाडी घेऊन जातो म्हणाला. त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. असली गाडी घेऊन वांबोरीच्या घाटात अडकलीस तर काय करशील, कुठे जायचं झालं तर बाबा रिक्षा बोलावतील, असं म्हणाला. मी चिडले, भांडले, आणि शेवटी एवढंच पदरात पाडून घेतलं की रविवारच्या आत दुरुस्त झाली तर गाडी राहील. म्हणून शनिवारी सकाळी, ह्यांनी सुरू करून दिलेली गाडी मी ह्यांना शेजारी बसवून नागापूरला एमआयडीसीतल्या गोरक्षच्या गॅरेजात नेली.

गोरक्ष अकोले तालुक्यातल्या शेतकऱ्याघरचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्याने गाडी बंद करून मलाच सुरू करायला सांगितली. झाली नाही. त्याने बॅटरी तपासली. मग स्टार्टरला बाहेरून करंट दिला, तर तो मजेत फिरला. मग स्टार्टरकडे जाणाऱ्या बारीक वायरीला तपासणीचा दिवा जोडून मला पुन्हा किल्ली फिरवायला लावली. दिवा लागला नाही.

“काकू, स्टार्टर चांगला हाय,” तो म्हणाला. “त्याच्यापोतर करंटच येत न्हाई. मधी कुटं अडकलंय ते हुडकायला डॅशबोर्ड उतरवावा लागंल. मंगळवारपोतर ठिवा गाडी.”

मंगळवार म्हणजे गाडी गेलीच. मला रडू आलं. गॅरेजात रडणारी म्हातारी व्हायचं नव्हतं, म्हणून मी तोंड फिरवून जोरात नाक शिंकरलं. हे मघापासून लिंबाच्या सावलीत उभे राहून चष्मा पुसत होते. एवढा वेळ पुसण्यासारखं त्या चष्म्यावर काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा घातला आणि गाडीजवळ आले.

“डॅशबोर्ड काढू नका,” हे म्हणाले. “गिअरची दांडी पुढे दाबून धरली की सुरू होते.”

गोरक्षने विचारलं, हे कधीपासून माहीत आहे. हे म्हणाले, पहिल्या दिवसापासून, पुटपुटता पुटपुटता दांडी पुढे दाबली गेली तेव्हाच कळलं. मी विचारलं, मग त्यानंतरचं पुटपुटणं कशासाठी. तर म्हणे माझं लक्ष दांडीकडे जाऊ नये म्हणून. माझं ते अख्खं स्तोत्र मला आठवलं आणि कानशिलं तापली.

गोरक्षने आत बसून एका हाताने दांडी पुढे रेटली आणि दुसऱ्याने किल्ली फिरवली. तपासणीचा दिवा लागला. दांडी सोडून पुन्हा किल्ली फिरवली, तर लागला नाही. मग त्याने मला सांगितलं, की गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. दांडी पार्किंगला किंवा न्यूट्रलला असल्याची खात्री पटल्याशिवाय तो स्टार्टरला करंट सोडत नाही. नाहीतर गाडी गिअरमध्येच सुरू होऊन पुढच्याच्या अंगावर जाईल. आमचा तो स्विच आतून झिजला होता.

“काका, ह्ये सकाळीच बोलला आसता तर काकूंचं नाक लाल झालं नसतं,” तो म्हणाला आणि स्विच मागवायला फोन लावला.

स्विच गावातून यायला तासभर लागला. आम्ही बाकावर बसलो. माझ्याकडे रागाची चांगली तीन-चार वाक्यं तयार होती, पण तोंडातून एवढंच निघालं, की असं का केलंत.

“तू दहाला जातेस आणि सहाला येतेस,” हे म्हणाले. “झाकून ठेवलेलं मी साडेअकरालाच जेवून टाकतो. मग काही करायचं उरत नाही.”

तोंडाने सांगायला काय झालं होतं, असं मी विचारलं. हे म्हणाले, तू नको म्हणाली असतीस. ते खरं होतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की मला काय करावं ते सुचत नाही.

गोरक्षने चाकांना दगड लावले, दांडी न्यूट्रलला घेतली, दोन बोल्ट काढून जुना स्विच उतरवला. नव्यावरची खूण नीट जुळवून मगच बोल्ट आवळले. नंतर मला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून दांडीच्या एकेका जागी किल्ली फिरवायला लावली. पार्किंगला सुरू, न्यूट्रलला सुरू. रिव्हर्सला नाही, ड्राइव्हला नाही. असंच पाहिजे, तो म्हणाला. शेवटच्या वेळी मी डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवला आणि ह्यांच्याकडे बघत किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

रविवारी अनिमेष आला, चार वेळा किल्ली फिरवून बघितली, जेवला आणि एसटीने परत गेला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी निघाले. ह्यांचं जेवण झाकून ठेवलं होतं. हे फाटक उघडायला आले होते. घरातलाच पायजमा, पण दाढी केलेली. मला सावकाश जा म्हणाले. मी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. हे फाटक धरून उभे होते आणि चष्मा पुसत होते.

मी इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.

“अहो, सुरू होत नाहीये,” मी म्हटलं.

इंजिनाचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला होता. हे खिडकीशी आले. आधी गिअरच्या दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बघू, उतर,” हे म्हणाले, आणि पायजमा बदलून आलोच म्हणत आत पळाले. मुख्याध्यापकांचा विषय निघाला की उठून विहिरीकडे फिरायला जायचं, असं मी त्यांना बसल्या जागेवरून बजावलं. आतून लगेच होकार आला.