भातात उगवलेली गुलाबी फुलं

फुलं सुंदर होती, याचंच मला भय वाटलं. तळ्याच्या उत्तर कोपऱ्यात, आमच्या रानभाताच्या मधोमध, उंच देठांवर गुलाबी छत्र्या. मी होडीतून वाकून एक पात तोडली. कडा तीन. आपला लव्हाळा गोल असतो. तिधारी पात म्हणजे ते परदेशी गवत, एकदा बसलं की भाताला उठवूनच राहणारं.

ते इथेच का, हे फक्त मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली. या कोपऱ्यातला भात विरळ झाला म्हणून ती शेवटपर्यंत हळहळायची. आम्हा उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींत गेलेल्या माणसाच्या नावाने कुणी कुणी तळ्यात भात पेरतं. मी पलीकडच्या मोठ्या तळ्यातला ओला भात पोत्यातून आणला आणि हात दुखेपर्यंत फेकला. त्यात दुसरं काही आहे का, हे बघण्याची अक्कल मी गहाण ठेवली होती. गेल्या आठवड्यात त्या मोठ्या तळ्यावर या गवताची चित्रासकट पाटी दिसली, तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

मागे लांब काठीने होडी रेटत होता ऑर्विल मामा. होडीत बसून भात झोडून घ्यायचा, त्या झोडणीला तळं कधी खुलं करायचं, हे तोच ठरवतो. झोडणी चार दिवसांवर होती. या गवतापायी तो नको म्हणाला तर वस्तीने हिवाळाभर खायचं काय? आणि हे माझ्यामुळे झालं हे कळल्यावर मला कोण होडीत घेणार? मी ती पात पायाखाली दडवली.

मामाला फुलं दिसली. भातात नको ते गवत दिसल्यावर आमच्यातला कुणीही करील तेच त्याने केलं. वाकून देठ मुठीत धरला.

“मामा, उपटू नकोस. मुळाला वाटाण्याएवढे कंद असतात. ते सुटून तळंभर पसरतील.”

त्याचा हात थांबला. “तुला गं कसं माहीत?”

मग सांगितलं सगळं. आईचं, पोत्याचं, पाटीचं. भोवती जाळी लावून मुळासकट खणावं लागेल, तेही सांगितलं.

मामाने देठ अलगद सोडला. मी शिव्यांची वाट बघत होते.

“धक्क्यावर तुझं अर्धं पोतं उरलं होतं,” तो म्हणाला. “ताईच्या नावाचं, वाया कशाला घालवायचं म्हणून मी नेलं. तीन तळ्यांत टाकलंय.”