घड्याळजींच्या डोळ्यातला एकेरी थर

मित्रांनो, मी पेशींचा एक जुना, एकेरी थर आहे. एका घड्याळजींच्या डोळ्याच्या पुढच्या काचेला, म्हणजे कॉर्नियाला, मी आतून चिकटलेला असतो. काचेत झिरपणारं पाणी उपसून तिला लख्ख ठेवणं ही माझी नोकरी. सुट्टी नाही. माझ्यातली एक पेशी गेली तर नवी भरती होत नाही. शेजारणीच अंग पसरून जागा भरतात. या घड्याळजी काकांनी आयुष्यभर इवलीशी चक्रं बसवली, पण शाबासकी कायम बोटांनाच मिळाली.

मग आत मोतीबिंदू आला. "पिकू दे अजून," म्हणत काकांनी त्याचा पार दगड होऊ दिला.

"परवा चहात मीठ घातलंत," काकू म्हणाल्या. "आता डोळे तरी दाखवा, नाहीतर चहा तरी सोडा!"

डॉक्टरबाईंनी मला यंत्रावर मोजलं आणि गंभीर झाल्या. "काका, आतला थर विरळ झालाय. तो गेला तर मोतीबिंदू काढूनही धुरकटच दिसेल."

ऑपरेशनचा दिवस उजाडला. काय तो थरार! थेंबांनी डोळा बधिर, काका मात्र टक्क जागे. बाईंनी आधी मला पारदर्शक जेलचा जाड लेप दिला. जन्मात पहिल्यांदा कुणी मला पांघरूण घालत होतं! मग थरथरणारी सुई आत आली, दगड फुटू लागला. आणि अचानक मागून दाब आला, जागा आक्रसली, टोकदार तुकडे थेट माझ्याकडे!

बाईंनी सुई थांबवली. "काका, श्वास रोखलाय?"

"म्हणजे काय! नाजूक कामात मी नेहमीच रोखतो."

"काम माझं चाललंय, काका! त्याने डोळ्यात दाब वाढतो. सोडा आधी!"

"आमच्या दुकानात याला शिस्त म्हणतात," काका पुटपुटले. पण श्वास सोडला. जागा पुन्हा मोकळी झाली. "जेल वाहून गेलंय, अजून द्या," बाईंनी सिस्टरांना सांगितलं. दुसरं पांघरूण! उरलेला दगड त्यांनी माझ्यापासून लांब, खोलवर फोडला आणि नवी लेन्स बसवली.

तरी माझ्या काही पेशी गेल्याच. सुरुवातीला काच धुरकट राहिली. काकांचा चेहरा उतरला. उरलेल्या शेजारणींनी जीव तोडून पाणी उपसलं. आणि एका सकाळी काका काकूंकडे बघतच राहिले.

"अगं, तुझ्या चष्म्याचा स्क्रू निसटायला आलाय!"

"कधीपासून सांगतेय!" काकू डोळे पुसत म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलत असेल, तर त्यांना हाताला धरून घेऊन जा. डॉक्टरांना खुशाल विचारा, "आतला थर मोजलात का?" ते चकित होतील, होऊ द्या. लेन्स नवी बसवता येते. मी मात्र एकदाच मिळतो.