पुसला गेलेला पूर्वरंग

मुलुंडच्या मधुकररावांना कीर्तनाचं भारी वेड. देवळात अंबादासबुवा उभे राहिले की पहिल्या रांगेत मधुकरराव आणि मांडीवर त्यांचा रेकॉर्डर. घरी आल्यावर ते प्रत्येक कीर्तनाचे दोन तुकडे करत. लॅपटॉपच्या ड्राइव्हचेही त्यांनी दोन भाग पाडले होते. सी म्हणजे पूर्वरंग, त्यात बुवांचं निरूपण. डी म्हणजे उत्तररंग, त्यात आख्यान. आपल्या लॅपटॉपलाही संप्रदाय लागलाय, असं ते येईल त्याला सांगत.

पण यंदा आजारपणात बुवांचा आवाज बसला. एकादशीला त्यांची मुलगी रुचिरा पहिल्यांदाच कीर्तनाला उभी राहणार होती, आणि बाबांची निरूपणं घ्यायला संध्याकाळी येणार होती. तिच्यासमोर लॅपटॉप रखडायला नको, म्हणून मधुकररावांनी दुपारीच जुनं विंडोज काढून लिनक्स बसवायला घेतलं. फोनवर दहिसरहून भाची सपना सांगत होती.

"मामा, डीला हात लावायचा नाही. सी फॉरमॅट करायचं. सीवर विंडोजशिवाय काही नाही ना?"

"काय असणार?" मामा म्हणाले. तो भाग एकदा भरून ठेवला की त्यांनी पुन्हा कधी उघडलाच नव्हता. ऐकायची ती आख्यानं.

लिनक्स झकास बसलं. उत्तररंग जागच्या जागी होता. मग ते पूर्वरंग शोधू लागले. तो कुठेच सापडेना, तेव्हा त्यांनी सपनाला विचारलं.

"वाट लागली, मामा. त्याच्यावरच तर नवं बसवलंय."

रुचिरा आली, तिनं ऐकून घेतलं. "असू दे काका. तुम्ही पहिल्या रांगेत असायचात. आठवेल तेवढं सांगा ना."

मधुकररावांनी आठवून पाहिलं. नमन आठवलं. पुढे थेट कपाळावरचा बुक्का.

"झोपायचे गं ते," त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी सांगून टाकलं. "रेकॉर्डर ऐकतोय म्हटल्यावर हे निवांत. मध्यंतराला बुक्का लावून मीच उठवायचे."

"आणि बाबा सगळ्यांना सांगतात, तल्लीन व्हावं तर मधुकररावांसारखं."

आपणही फॉरमॅट झालो तर बरं, असं मधुकररावांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी बुवांनीच त्यांना घरी बोलावलं. कुंदाताईही सोबत गेल्या. "निरूपण डोक्यात आहे," ते कुजबुजले. "जवळ धरा."

मधुकररावांनी रेकॉर्डर बुवांच्या ओठांशी नेला. शेजारी रुचिरा. शब्द इतके हळू येत होते, की श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागत होता. नामाबद्दल बुवा बोलत राहिले. हात भरून आला, तरी मधुकररावांनी तो खाली घेतला नाही.

बुवा थांबले. सवयीनं कुंदाताई बुक्का घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"जागे आहात?"

"आहे. तरी लाव," मधुकररावांनी कपाळ पुढे केलं. "आजचा हक्काचा आहे."