निळा धूर

माझं डोकं तापट आहे, हे मीच आधी सांगून टाकतो. पण दाजींचा ट्रक परत आला तेव्हा आधी ते तापलंच नाही. गार पडलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी खोललेलं पहिलं इंजिन त्यांच्या ट्रकचं. बायकोला मीच बोलून बसलो होतो, की हे इंजिन नीट चाललं नाही तर पान्हे गुंडाळायचे आणि गॅरेजला कुलूप लावायचं. लोकांच्या गाड्यांवर आंधळी कोशिंबीर खेळायची नाही.

पाच दिवस खपलो. सिलिंडरांत नवे लायनर, पिस्टनांना नव्या रिंगा, वर साधं तेल. दीडशे किलोमीटर फिरवून दाजी आले ते मागे निळा धूर घेऊनच. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. म्हणजे रिंगा बसल्या नाहीत.

"काय हो मेव्हणे, ट्रक दिलात की धुरांडं?" दाजी म्हणाले.

मला हसू आलं नाही. रिंगेवर बारीक खूण असते, ती वर ठेवायची. माझ्या हातून एखादी उलटी गेली असणार, दिसली नसणार. न जेवताच मी पान्हे पुसायला घेतले आणि एकेक करून सगळे फडक्यात गुंडाळले. बायको काउंटरमागून बघत होती.

पण दाजींचं इंजिन परत खोलून देणं भाग होतं, म्हणून एक पान्हा बाहेर काढला आणि आधी तेल सोडलं. सवयीनं थोडं बोटांत चोळलं. चिकट, बुळबुळीत, मधासारखी तार सुटणारं.

"हे मी ओतलेलं तेल नव्हे," मी म्हणालो. "यात कुणीतरी ॲडिटिव्ह घातलंय. दाजी?"

"मला साधं पंक्चर काढता येत नाही, मी कशाला घालू?"

"मी घातलं," बायको म्हणाली. "पार्टवाला म्हणाला, इंजिनाचं टॉनिक आहे, झीज होत नाही. तुम्ही रिंगा बसवताना नुसते चाचपत होतात. वाटलं, काही राहिलं असलं तर हे सांभाळून घेईल. एक बाटली पुरे होती. मी दोन घातल्या."

आता मात्र डोकं तापलं. "अति तिथं माती! अगं, नव्या रिंगांना लायनरवर घासूनच जागा धरावी लागते. तू त्यांना घसरगुंडीवर बसवलंस."

"म्हणजे चूक तुमच्या डोळ्यांची नाही?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते. मी आवाज खाली आणला.

"गाडी अजून फार चालली नाही. साध्या तेलावर रिंगा बसल्या, तर कळेल."

साधं तेल भरलं, नवा फिल्टर लावला, रिंगांवर जोर यावा म्हणून मागे खडी भरली आणि चढाच्या रस्त्याला लागलो. दाजी चालवत होते, मी खिडकीशी, मध्ये बायको. येऊ नको म्हटलं तरी आलीच. पहिल्या चढाला धूर होता. चार-पाच चढांनंतर विरळ झाला. दुपार कलताना मी आरशात बघितलं, तर मागचा रस्ता लख्ख. मागच्या टेम्पोचा नंबरसुद्धा मला वाचता आला. जीव भांड्यात पडला.

"मग चूक कुणाची धरायची?" दाजींनी विचारलं. बायकोनं मान खाली घातली.

"तेलाची," मी म्हणालो.

गॅरेजात आल्यावर मी तिला सांगितलं, "रिंगा चाचपूनच बसवतात. तीस वर्षं मी तशाच बसवतोय. तू कधी बघायला उभी राहिली नव्हतीस, एवढंच."

"या वेळी भीती वाटत होती," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हणालो. हे तिला मी आधी सांगितलं नव्हतं.

तिनं फडकं उलगडलं आणि पान्हे भिंतीवर अडकवायला घेतले. चूक काढायची म्हणून मी मागे उभा राहिलो. एकही पान्हा चुकीच्या खिळ्यावर गेला नाही.